आग्रहाचं बटण

तात्यांच्या फोनमध्ये हॅलो नसतं. माझे वडील शब्द असे वापरतात, जसं काय प्रत्येक शब्दाला अर्धं तिकीट पडतं. परवा फोन वाजला, मी कानाला लावला, पलीकडून आलं, "ज्वारी हुरड्याला आली. या." आणि फोन बंद. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. पण त्या एवढ्याशा वाक्यातून मला आगटीचा धूर आला. खरंच आला. नगरला, सावेडीत, दुसऱ्या मजल्यावर, खाली रिक्षांचा कलकलाट, शेजारच्या फ्लॅटमधून फोडणीचा ठसका, आणि त्या सगळ्याच्या वरून गोवऱ्यांचा धूर, भाजलेल्या कणसाचा गोडूस वास, चोळून चोळून लाल झालेल्या तळहाताची आग.

म्हणून आज सकाळी आम्ही बसमध्ये आहोत. बसच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, कंडक्टर माळीवाड्यापासून "मिरजगाव-कर्जत, मिरजगाव-कर्जत" एका सुरात म्हणत आलाय, आणि मी सवयीप्रमाणे मनातल्या मनात त्याचा सूर उचलून ठेवलाय. पुढच्या सीटवर शीतल, खिडकीला डोकं टेकवून, काच थंड म्हणून मधे शाल. मागच्या सीटवर ओंकार. ओंकार घरून दोन बशा पोहे खाऊन निघालाय. का, ते पुढं येईल. बाहेर धुकं असं दाट, की रुईछत्तीशी कधी आली आणि कधी गेली ते कळलंच नाही. नुसतं मधूनच एखादं बाभळीचं झाड काचेजवळ येतं, आत डोकावतं, ओळखीचं कुणी दिसत नाही म्हणून मागं सरतं.

अशा धुक्यात मला नेहमी 'आपला स्टँड' आठवतो. खरा स्टँड नाही. शीतलनं काढलेला.

तर मी नकलाकार. मिरजगावच्या शाळेत असताना हेडसरांची नक्कल गॅदरिंगमध्ये हेडसरांसमोरच केली. शनिवारी टाळ्या मिळाल्या, सोमवारी छडी. टेम्पो रिव्हर्स घेतानाचा आवाज, बोअर मारायच्या गाडीचा, शेजारच्या काकूंच्या मिक्सरचा, लग्नात माईक हातात आल्यावर न सोडणाऱ्या पाहुण्याचा, सगळे माझ्या गळ्यात भाड्यानं राहतात. घरी फोन मी उचलला की पलीकडचा माणूस आधी विचारतो, "आज कोण बोलतंय?"

वैशाली मॅडमनी मला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पकडलं. मॅडम शाळाशाळांत जाऊन आठवी-नववीच्या पोरापोरींशी बोलायच्या. कुणाशी मैत्री कशी करायची, कुणी फोनचा पासवर्ड मागितला तर काय म्हणायचं, जीव लावणं कुठलं आणि धाक दाखवणं कुठलं. पण पोरं मॅडमसमोर खाली मान घालून बसायची आणि मॅडम गेल्या की मोबाईल काढायची. मग मॅडमनी ठरवलं, मोबाईलच्याच आत जाऊन बसायचं. गेम करायचा. मला म्हणाल्या, "अमोल, आवाज पाहिजेत. सगळे तूच कर. एका चहात भागेल."

खेळाचं नाव 'आपला स्टँड'. एक एसटी स्टँड, तिथं बसची वाट बघणारा सोन्या आणि बसची वाट बघणारी कोमल, दोघं नववीतले. त्यांनी एकमेकांशी, मित्रांशी, घरच्यांशी काय बोलायचं ते खेळणाऱ्यानं निवडायचं. कॉम्प्युटरचं सगळं ओंकार करायचा. तो सावेडीतलाच, चांगल्या खात्यापित्या घरचा, मनानं लोणी. चित्रं शीतल काढायची. ती नेवाशाची, शिकायला नगरला राहिलेली. आणि बाकी सगळं गाव, म्हणजे सोन्या, कोमल, सोन्याचा मित्र, कोमलची आई, कंडक्टर, टपरीवाला, स्टँडवरचं कुत्रं, मी.

आवाज भरायची खोली म्हणजे मॅडमच्या फ्लॅटमधली आतली खोली. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गोधड्या लावलेल्या, भिंतीला गोधड्या, दाराला गोधडी. मॅडमच्या आईनं शिवलेल्या. आत शिरलं की जुन्या सुती लुगड्यांचा वास, अंधारलेली ऊब, पंखा बंद, आणि बाहेरचं अख्खं नगर कुठंतरी पाण्याखाली गेल्यासारखं. कोथिंबीरवाला ओरडत जायचा तो फार लांबून, फार वर्षांपूर्वी ओरडत गेल्यासारखा. दोन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यातल्या दुपारी मला आता वेगळ्या वेगळ्या आठवत नाहीत. एकच लांबलचक दुपार आठवते, आणि कोपऱ्यात टॅबच्या उजेडात शीतलची हनुवटी.

तिच्या स्टँडवर कायम पहाट असायची. धुकं, ओला बाक, आणि स्टँडच्या मागं नदी.

"ए, स्टँडमागं नदी कुठं असती का?" मी.

"माझ्या स्टँडमागं आहे."

"ही प्रवरा झाली की. सोन्या मिरजगावचा आहे."

"मग येईल की बसनं नेवाशाला. तुला काय त्रास आहे?"

मला काय त्रास होता ते मी सांगू शकत नव्हतो, हाच त्रास होता. मला ती आवडायला लागली होती. कंडक्टरच्या आवाजात मी म्हणायचो, "ताई, पुढं जागा हाय, सरकून घ्या." ती हसायची. हेडसरांच्या आवाजात म्हणायचो, "कुमारी शीतल यांनी चित्र उत्तम काढले, परंतु नदी विनापरवाना आणली." ती टॅब बाजूला ठेवून हसायची. आणि घरी जाताना रिक्षात मी हिशोब करायचो, की आज ती कुणाला हसली? कंडक्टरला हसली, हेडसरांना हसली. अमोलला कुठं हसली? अमोल काही बोललाच नव्हता. सगळ्यांचे आवाज मला पाठ, माझा तेवढा पाठ नव्हता.

त्या हिवाळ्यात मला एवढंच करायचं होतं. शीतलला एकदा विचारायचं, माझ्या आवाजात. आणि तेवढंच जमत नव्हतं, कारण भीती वाटायची. चुकीचं विचारलं तर तो कोपरा रिकामा होईल. टॅबचा उजेड जाईल, नदी जाईल, आणि मी गोधड्यांच्या खोलीत एकटा कुत्र्याचा आवाज काढत बसेन.

मग आम्ही खेळ अर्धामुर्धा तयार करून एका गावातल्या शाळेत नेला, पोरं कशी खेळतात ते बघायला. कॉम्प्युटरच्या खोलीत, चादरी पांघरलेल्या कॉम्प्युटरांच्या मधे, पोरापोरींना टॅब दिले. पहिल्या प्रथम पोरींनी माझी कोमल फेटाळली. "सर, पोरगी आसं बोलती व्हय? ही तर चिमणी हाय." मी मान्य केलं. मॅडमनी तिथंच ठरवलं, कोमलचा आवाज शीतल देणार.

आणि मग तो प्रसंग आला. सोन्या कोमलला विचारतो, "माझ्याबरोबर जत्रेला येशील?" कोमल म्हणते, "नको." खाली दोन बटणं. एकावर 'निघून जा'. दुसऱ्यावर 'अजून एकदा विचार'.

सगळ्या खोलीची बोटं दुसऱ्या बटणावर. टक. नको. टक. नको. टक. आणि तिसऱ्यांदा कोमल गालात हसून म्हणते, "बरं, येते." ओंकारनं तसं बसवलं होतं. त्यात त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. एक पोरगं उभं राहिलं. "मॅडम, चौथ्यांदा इचारल्यावर काय बक्षीस हाय?" पोरं हसली. मागच्या बाकावर लाल रिबिनींच्या वेण्या घातलेली एक मुलगी होती. तिनं टॅब पालथा घातला.

"मॅडम, ही नको म्हनली ना? मंग खेळ पुढं का जात न्हाई?"

कुणी हसलं नाही. माझ्या गळ्यात हेडसर तयार होते, एका वाक्यात खोली हलकी केली असती. पण त्या मुलीनं ते विनोदासाठी विचारलं नव्हतं. हेडसर गपगार खाली बसले.

परत येताना जीपमध्ये मॅडम एवढंच म्हणाल्या, "ही जागा नीट होत नाही तोवर खेळ एकाही शाळेत जाणार नाही."

ओंकारचा चेहरा उतरला होता. "मॅडम, पण पहिल्या झटक्यात हो कोण म्हणतं? आमच्याकडे पाहुणा पोळीला नको म्हणाला आणि आईनं वाढली नाही, तर पाहुणा रुसतो."

आणि ते खरंच होतं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, उसाचे ट्रॅक्टर समोरून येत होते, आणि मला आमच्याकडची सगळी लग्नं आठवत होती. पंगत बसलीय, पाहुण्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरलेत, आणि वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी सरकवतोय. पाहुणा ओरडतोय, "आवो नको, नको!" आणि सगळी पंगत खूश. जो वाढपी पहिल्या नकोला पुढं गेला, त्याच्याबद्दल संध्याकाळपर्यंत बोलणं होतं. लहानपणी मावशीकडं जाताना आई रस्त्यातच सांगायची, "लगीच घेऊ नगं. आधी नको म्हन." आम्हाला नको म्हणायला शिकवलं ते घेण्यासाठी. समोरच्यालाही तसंच शिकवलेलं. सगळं गाव असं मिळून गोडीगुलाबीनं चाललेलं. आणि तेच ओंकारनं, चांगल्या घरच्या पोरानं, जसंच्या तसं उचलून एका मुलीच्या तोंडात घातलं होतं. पंगतीतली जिलेबी स्टँडवर आली होती.

शीतल टॅबवर बोट फिरवत, कुणाकडं न बघता बोलायला लागली. नेवाशाच्या स्टँडवर एक मुलगा तिला रोज विचारायचा. ती रोज नको म्हणायची. त्याचे मित्र त्याला म्हणायचे, अजून विचार, येईल लाईनवर. तिची मावशीसुद्धा म्हणाली होती, पोरगा चिकाटीचा आहे बरं का. शेवटी ती स्टँडवर जायचीच बंद झाली. पुढं फाट्यापर्यंत चालत जाऊन तिथून बस धरायची. उन्हात, पावसात, शाळेचं दप्तर घेऊन.

"तो वाईट नव्हता, मॅडम," ती म्हणाली. "नको म्हटल्यावर काय करायचं असतं, ते त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. मला पण माहीत नाही. हे बघा."

तिनं टॅब फिरवला. सोन्या होता. केस होते, शर्टाची कॉलर होती, दप्तराचे पट्टे होते. चेहरा नव्हता. नुसता गव्हाळ रंगाचा एक गोल.

"नको ऐकल्यावर मुलगा कसा दिसतो? मला येत नाही काढता. रागावलेला येतो, रडका येतो. साधा येत नाही."

मी त्या गोलाकडं बघत राहिलो. माझा प्रश्न रात्रंदिवस माझ्या खिशात होता, विचारायचा कसा. आता कळलं, की मी विचारलं तर नेवाशाच्या स्टँडवरचा अजून एक होणार. तिला फाट्यापर्यंत चालायला लावणारा अजून एक.

मग सुरू झाली सोन्याच्या एका ओळीची शोधाशोध. कोमल म्हणते, "नको." सोन्या काय म्हणतो? मॅडमनी मला गोधड्यांच्या खोलीत बसवलं आणि म्हणाल्या, "बोल."

मी पडद्यावरच्या खलनायकांसारखा बोललो, "बघून घेईन." मॅडमनी मान हलवली. मी रडका बोललो, "माझ्या जगण्यात आता काय राम नाही." नाही. मी नाक मुरडून बोललो, "बरं झालं, मला पण काय लई हौस नव्हती." नाही. मी फोनवरच्या बँकेवाल्या बाईचा आवाज काढला, "आपला नकार आम्हाला प्राप्त झाला आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत." मॅडम हसून हसून खाली बसल्या, शाल पडली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग डोळे पुसत म्हणाल्या, "नाही रे."

बाहेर कोथिंबीरवाला लांबून गेला. मी पहिल्यांदा खरं तेच बोललो. "मॅडम, मी फक्त ऐकलेल्याची नक्कल करतो. हा आवाज मी कुठं ऐकलेलाच नाही."

त्याच आठवड्यात तात्यांचा त्या वर्षीचा फोन आला. "ज्वारी हुरड्याला आली. या." मॅडम म्हणाल्या, चला, सगळेच जाऊ, डोकं तरी मोकळं होईल.

आमचं रान गावाबाहेर थोडं. सकाळी गेलो तेव्हा ज्वारी माणसाच्या वर, पानापानावर दव, आणि मधून चालताना खांदे भिजत होते. बांधाजवळ तात्यांनी आगटी पेटवलेली. गोवऱ्यांचा धूर सरळ वर न जाता ज्वारीवरून लोळत लोळत जात होता. तात्या कणसं आरात खुपसायचे, काढायचे, दोन्ही तळव्यांत धरून चोळायचे, फुंकर मारायचे, आणि हिरवेगार गरम दाणे समोरच्याच्या हातावर ओतायचे. जवसाची चटणी, शेव, गूळ, आईनं आणलेलं ताक. शीतल तर बोलायचीच बंद झाली होती, नुसती खात होती आणि धुराकडं बघत होती.

तात्यांनी ओंकारपुढं मूठ धरली. "घ्या."

"नको नको काका, तुम्ही घ्या आधी."

"बरं," तात्या म्हणाले, आणि मूठ मॅडमच्या हातात रिकामी केली.

हुरडा फिरत राहिला. तात्यांचा हात मॅडमकडं जायचा, शीतलकडं जायचा, माझ्याकडं यायचा, आणि ओंकारवरून असा जायचा, जसा बैल ओळखीच्या खड्ड्यावरून जातो. ओंकार आधी हसत होता. मग शेव खायला लागला. मग बोरं. मग तो ताकावर ताक प्यायला. शेवटी मला कणसांच्या ढिगामागं ओढलं.

"अरे, तुझे वडील दुसऱ्यांदा विचारतच नाहीत!"

मला हसू आवरेना. भावकीत हे सगळ्यांना माहीत आहे. तात्याच्या रानात जायचं तर लाज घरी ठेवून जायचं, असं चुलते म्हणतात. कुणी कुणी चिंगूसही म्हणतं. फक्त शुगर झालेली आत्या तेवढी दरवर्षी आमच्याच आगटीवर येते, कारण इथं तिला कुणी गूळ घे, गूळ घे म्हणून बेजार करत नाही. मी तात्यांना म्हणालो, "ओंकारला द्या की."

"त्यो नको म्हनला."

"तसं म्हणायचं असतं वो, तात्या."

"मंग मला कसं कळायचं?" तात्यांनी कणीस आरात फिरवलं. "पायजे आसंल तर मागंल की."

"काका, पाहिजे!" ओंकार इतक्या मोठ्यानं ओरडला, की ज्वारीतली पाखरं उडाली.

"बरं," तात्या म्हणाले, आणि त्याच्या दोन्ही हातांवर गरम हुरडा ओतला.

मी तिथंच थबकलो. माझे कान तसे बदमाश आहेत, लोक अर्थ ऐकतात तेव्हा ते सूर ऐकत बसतात. तात्यांचं मघाचं बरं आणि आत्ताचं बरं, दोन्ही एकाच उंचीचे होते. नको म्हटल्यावरचं आणि पाहिजे म्हटल्यावरचं. तेवढंच लांब, तेवढंच रुंद. नकोच्या मागं ते रुसून खाली गेलं नव्हतं, पाहिजेच्या मागं उड्या मारत वर आलं नव्हतं. आणि मग मला घरातली किती तरी बरं आठवायला लागली. "गाय इकू का?" "नको, ऱ्हाऊ द्या." "बरं." "चा ठिवती का?" "आत्ता न्हाई, हात पिठाचं हायेत." "बरं." आईच्या नकोनंतर आमच्या घरात कधी भांडं आपटलेलं मी ऐकलं नव्हतं. जन्मभर हा आवाज माझ्या उशाशी होता आणि मी त्याची नक्कल कधीच केली नव्हती, कारण त्यात नक्कल करण्यासारखं काहीच नव्हतं. लोक हसले नसते.

दुपारी धुकं पार विरलं. शीतलला बोरं पाहिजे होती म्हणून आम्ही दोघं बांधानं निघालो. ती पुढं, हातात उसाचं कांडं, मी मागं. दोन्हीकडून ज्वारी, वर आभाळाची एक निळी चिंधी, आणि लांब कुठंतरी कुणीतरी पाखरं हाकत होतं, "हाऽऽ, हाऽऽ." मला वाटलं हे सगळं शीतलनंच काढलंय, आता ती मागं एक नदी काढेल.

"शीतल," मी म्हणालो. "मला तू आवडतेस. तुला पण तसं काही वाटत असलं तर सांग."

ती थांबली. वळून माझ्याकडं बघितलं, नेहमीसारखं, कोण बोलतंय ते शोधत.

"हा कुणाचा आवाज?"

"माझा."

तो जरा चिरका होता, जरा गावठी. मलाही नवीनच होता. तिनं उसाचा चोथा बाजूला टाकला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, भीतीही नव्हती. थोडा वेळ तिनं खरंच विचार केला, तेवढं मला दिसलं.

"नको रे, अमोल. मला तसं नाही वाटत."

माझ्या गळ्यात सगळे एकदम उठून उभे राहिले. रडका, खलनायक, नाक मुरडणारा, बँकेवाली बाई, कंडक्टर सुद्धा. प्रत्येकाला आधी बोलायचं होतं. मी त्यांना उभंच ठेवलं.

"बरं," मी म्हणालो.

तात्यांसारखं नाही आलं. मधे किंचित तडा होता. पण मी त्यापुढं काही जोडलं नाही. का, विचार कर, कुणी दुसरा आहे का, काहीच नाही. बांध एका माणसाच्या रुंदीचा, त्यामुळं दुसरं काही करताही येत नव्हतं. ती वळून चालायला लागली, मी मागं. थोडं पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "ती पलीकडची बोर आंबट आहे का गोड?"

"आंबट. पण मीठ आणलंय."

नंतर मी मोटर चालू आहे का बघायला म्हणून विहिरीवर गेलो आणि बराच वेळ पाण्याकडं बघत बसलो. मोटर बंद होती. लाईटच नव्हती. हे मला जायच्या आधीही माहीत होतं. पाण्यात आभाळ होतं, कडेला पारवे घुमत होते, आणि छातीत कुणीतरी गरम कणीस चोळत होतं. दुखत नव्हतं असं कोण म्हणेल. पण विहिरीपर्यंत शीतलला यावं लागलं नाही, ते दुखणं माझं मीच नेलं.

सोमवारी मॅडमच्या सावेडीच्या फ्लॅटचा जिना मी एकेक पायरी मोजत चढलो. दारावरची गोधडी सरकवली. आत टॅबचा उजेड होता. कोपरा भरलेला होता.

त्या दिवशी तिनं कोमलचं "नको" भरलं. साधं, खालच्या आवाजात. मॅडम माझ्याकडं वळल्या. मी माईकजवळ तोंड नेलं आणि म्हणालो, "बरं."

मॅडम म्हणाल्या, "हे छान आहे. कुणाचा आवाज हा?"

मी काही म्हणायच्या आत कोपऱ्यातून, टॅबवरची मान वर न करता शीतल म्हणाली, "त्याचाच आहे, मॅडम."

ओंकारनं ते बटण स्वतःच्या हातानं काढून टाकलं. आता नकोनंतर खेळ संपत नाही आणि अडतही नाही. बस येते. कोमल चढते, सोन्या चढतो, तो मागच्या सीटवर बसतो, बाहेर धुकं असतं, नदी असते, आणि दोघं शाळेत जातात. पुढच्या आठवड्यात शीतलनं सोन्याचा चेहरा पुरा केला. सोन्या रस्त्याकडं बघतोय, बस येते का ते. थोडा कोमेजलेला, पण उभा. मी नीट बघितलं.

"कान एवढे मोठे कशाला काढलेस?"

"तुझेच आहेत. आहेत तेवढेच काढलेत."

त्याला दोन हिवाळे झाले. बस आता वेग घेतेय, धुक्याला पिवळसर रंग चढतोय, सूर्य कुठंतरी मागं काच घासतोय. माझ्या पलीकडच्या बाकावर गणवेशातली दोन पोरं बसलीत, मांडीवर दप्तरं, मधे एक मोबाईल. मी डोळे मिटून घेतले होते. आणि अचानक त्या मोबाईलमधून शीतलचा आवाज आला, खालच्या पट्टीतला.

"नको."

समोरच्या सीटवर शालीतलं डोकं हललं, पण तिनं मागं बघितलं नाही. मग माझा आवाज, चिरका, गावठी, मधे किंचित तडा गेलेला.

"बरं."

"आरं, आजून इचारायचं बटन कुठंय?" एक पोरगं म्हणालं. अंगठा स्क्रीनवर इकडंतिकडं फिरत होता.

"न्हाईचे," दुसरं.

"मंग आता?"

"मंग काय, बस आली बघ त्यांची. चढीव की."

आणि मोबाईलमधून बसचा हॉर्न वाजला. तोही मीच.

पहिल्या पोरानं मोबाईल दप्तरात टाकला आणि पेरू काढला. हा एवढा मोठा, पिकून पिवळा झालेला, फोडला तर आत गुलाबी. वासानं बसचा तो कोपरा भरून गेला. मी बघत होतो, ते त्याला दिसलं असावं. चांगल्या घरचं पोरगं. त्यानं अर्धी फोड माझ्यापुढं केली.

"घ्या ना, दादा."

आणि मी, सकाळपासून हुरड्यासाठी पोट रिकामं ठेवलेला मी, मावशीच्या रस्त्यावर आईनं जे शिकवलं ते एका क्षणात म्हणून बसलो. "नको नको. तू खा."

पोरानं माझ्याकडं बघितलं. मी वाट बघितली.

"बरं," ते म्हणालं, आणि अख्खा पेरू दोघांनी मिळून संपवला.

समोर शालीत शीतलचे खांदे हसून हसून हलत होते. मागून ओंकारनं मान पुढं घातली, "बाळा, मला विचार की. मला पाहिजे होता!" पण फोडी संपल्या होत्या. पेरूचा वास मात्र मिरजगावपर्यंत आमच्याबरोबर आला, आणि स्टँडवर तात्या उभे होते, धुक्यात, हातात काही नाही, तोंडात काही नाही, आम्ही उतरतोय का ते बघत.